धसका

धसका (पुल्लिंगी नाम) म्हणजे अचानक मनात शिरलेली आणि तिथेच घर करून राहिलेली भीती. मागून कोणी हॉर्न वाजवला की माणूस दचकतो आणि कारण कळताच सावरतो. तो धसका नव्हे. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात काजूच्या बागायतीत बोंडू (काजूची फळे) गोळा करणाऱ्या बाईसमोर झुडपातून गवा येतो, क्षणभर थांबतो, काही न करता निघूनही जातो. त्यानंतर ती बाई बागायतीत एकटी जायला धजत नसेल, तर 'तिने गव्याचा धसका घेतला' असे म्हणतात.

धसका 'बसतो' किंवा माणूस तो 'घेतो'. बसला म्हटले की आघात बाहेरून आलेला असतो: 'अपघात पाहून पोराला धसका बसला.' घेतला म्हटले की भीती आत मुरलेली असते, आणि 'मुलाचा धसका घेऊन आई खचली' हे वाक्य उगाच कोणी उच्चारत नाही. काळजात 'धस्स' होते ती या भीतीची पहिली कळ. धास्ती वेगळी. काही घडलेले नसतानाही ती वाटू शकते, धसक्यामागे मात्र बहुधा एखादा प्रसंग किंवा बातमी असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिळारी धरणाच्या पाण्याने गोव्यातल्या डिचोली आणि पेडणे तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पूर आणला. अशा गावात पुढच्या पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याची नुसती बातमी आली तरी लोक सामान माळ्यावर चढवू लागतात. या अवस्थेला धसका हाच नेमका शब्द आहे.

गोव्यात घरात कोकणी आणि वाचायला मराठी वर्तमानपत्र ही जोडी जुनी असल्याने हा शब्द दोन्ही भाषांत वावरतो. कोकणीत तो 'धसको' होतो. लहान मूल भ्याले, झोपेत किंचाळू लागले, तर आजी मीठ-मिरच्या ओवाळून दिश्ट (दृष्ट) काढते आणि त्या चुलीत टाकते. मिरच्यांचा ठसका लागला नाही, तर दिश्ट मोठी होती असे समजतात. मूल मात्र बहुतेकदा आजीच्या कुशीत झोपू लागले की शांत होते.

'सत्ताधाऱ्यांनी पराभवाचा धसका घेतला' असे मथळे निवडणुकीच्या दिवसांत नेहमीचेच. तिथे शब्दाचा अर्थ 'चिंता' इतकाच उरतो. बोलण्यात अजून तो पातळ झालेला नाही.