कर्षण, मनगटाचे

कार्पल टनेल सिंड्रोम (मनगटातील अरुंद बोगद्यात तंत्रिका, म्हणजे नस, दबण्याचा विकार) यावरील एक शस्त्रक्रियाविरहित उपचार. कोपराखालचा हात स्थिर धरून पंजा यंत्राने लांबीच्या दिशेने ओढला जातो. पाठीच्या कण्यासाठी कर्षण (‘ट्रॅक्शन’) जुनेच. मनगटासाठी त्याचा स्वतंत्र वापर अलीकडचा दिसतो. खंडित (थांबून थांबून दिलेल्या) कर्षणाची एक रुग्णमालिका 2004 मध्ये प्रसिद्ध झाली होती.

मनगटाच्या आठ हाडांची पन्हळ आणि तिच्यावरचा आडवा बंध यांमधील बोगद्यातून नऊ कंडरा (स्नायू हाडांना जोडणारे दोर) व मध्य तंत्रिका जातात. तंत्रिका दबली की अंगठा व लगतची बोटे बधिर होतात, करंगळी मात्र सुटते. रात्री मुंग्यांनी जाग येऊन रोगी हात झटकतो, ही निदानातली बोलकी खूण. बंध छेदण्याची सूचना मारी व फ्वा या फ्रेंच वैद्यांनी 1913 मध्येच केली होती.

कर्षणाने नेमके काय घडते, यावर एकमत नाही. बंध ताणला जाऊन बोगद्यात जागा होते, असे एक मत. साचलेला द्रव सरकून तंत्रिकेचा रक्तपुरवठा सुधारतो, असे दुसरे. पहिले मत सोपे, पण बंध चिवट आहे आणि थोड्या मिनिटांच्या ओढीने तो कायमचा लांबतो असे मानणे कठीण. दुसऱ्या मतामागचा, बोगद्यातील दाबाचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. 1981 च्या मोजणीत सरळ मनगटात निरोगी व्यक्तींचा सरासरी दाब पाऱ्याच्या 2.5 मिमी., तर रुग्णांचा 32 मिमी. आढळला, मनगट मागे वाकवताच रुग्णांत तो 110 पर्यंत चढला. रात्रीची पट्टी मनगट सरळ ठेवते ती याचसाठी. अस्थिभंगात हाडे जागी धरण्यासाठी बाहेरून बसवलेल्या चौकटीने मनगट फाजील ताणले, तर तंत्रिकेला इजा होऊ शकते, हेही विसरू नये. ओढ म्हणजे आपोआप मोकळीक नव्हे.

नेदरलँड्समध्ये 181 रुग्णांवर झालेली, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेली यादृच्छिक चाचणी (रुग्णांची गटांत विभागणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करणारी) हा मुख्य आधार. सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, असे 12 उपचार एका गटाला मिळाले. दुसऱ्याला नेहमीची देखभाल. सहा महिन्यांत शस्त्रक्रियेपर्यंत पहिल्या गटातील 28 टक्के, तर दुसऱ्यातील 43 टक्के रुग्ण गेले. लक्षणांची तीव्रता व हाताचे कार्य यांत मात्र अखेरीस दोन्ही गटांत लक्षणीय फरक उरला नाही. बनावट कर्षणाचा गट नव्हता, आणि शस्त्रक्रिया करून घेणे हा काही अंशी रुग्णाच्या मनाचा कौल असतो. तेव्हा हे आकडे शस्त्रक्रिया टळण्याचे वा लांबण्याचे धरावेत, विकार बरा झाल्याचे नव्हे.

अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा झिजू लागला असल्यास कर्षणात वेळ दवडू नये.