इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म: केंद्रावर येण्याआधी हे वाचा

सीईटीचा निकाल लागला, नोंदणी झाली, कागदपत्रं तपासून झाली, गुणवत्ता यादीत नंबर आला. इथपर्यंत बार्शीतली बहुतेक मुलं बिनचूक येतात. अडतं ते ऑप्शन फॉर्मवर, म्हणजे हव्या त्या कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी भरण्यावर. हा फॉर्म भरून देणाऱ्या आमच्या केंद्रावर दरवर्षी एकच वाक्य शंभर वेळा ऐकू येतं: "सर, एवढ्या पर्सेंटाइलला जे नक्की मिळेल ते पहिलं टाका."

ते पहिलं टाकू नका. हे पत्रक छापलं ते यासाठीच.

जागावाटप कसं होतं ते आधी सांगतो. संगणक गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे एकेका विद्यार्थ्याला घेतो. तुमचा क्रमांक आला की तुमची यादी वरून खाली बघत जातो आणि तुमच्या वाट्याची जागा जिथे पहिल्यांदा शिल्लक सापडेल तिथे थांबतो. वरची दहा कॉलेजं मिळाली नाहीत म्हणून अकराव्या कॉलेजवरचा तुमचा हक्क कणभरही कमी होत नाही. ते तुम्ही अकरावं टाकलंय आणि तुमच्या मागच्या क्रमांकाच्या मुलाने पहिलं टाकलंय, तरी त्याच प्रकारच्या जागेसाठी आधी तुमचाच विचार होतो. "पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय वर टाकलं तर हातचं सोलापूर जाईल" ही भीती आम्ही रोज ऐकतो. तसं होत नाही.

उलटं मात्र नक्की होतं. २०२५ च्या प्रवेशात चार कॅप फेऱ्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या जागावाटपाच्या फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की ते आपोआप फ्रीझ, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीन पसंतींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहा पसंतींना हाच नियम होता. म्हणजे "नक्की मिळेल ते" पहिलं टाकलं तर ते पहिल्याच फेरीत मिळतं आणि मुलाचा प्रवेश तिथेच संपतो. यंदाची माहितीपुस्तिका हातात आली की त्यातला नियम आम्ही दारावर लावतो, तो वाचूनच यादी पक्की करा.

मागच्या वर्षी एक गृहस्थ दुपारच्या उन्हात मुलाला घेऊन आले. फॉर्म दुसरीकडे भरलेला. एक नंबरला घराजवळचं कॉलेज, सात नंबरला मुलाला मनापासून हवं होतं ते. सातव्या नंबरचा कटऑफ त्याच्या पर्सेंटाइलच्या खाली लागला होता. क्रम उलटा असता तर त्याला ते पहिल्याच फेरीत मिळालं असतं. वडील म्हणाले, "आता काही करता येईल का?" काही करता येत नव्हतं. मुलगा पूर्ण वेळ खाली बघत होता. तो दिवस आम्ही विसरलेलो नाही आणि तेव्हापासून कोणाचीही यादी दोनदा वाचल्याशिवाय कन्फर्म करत नाही.

दुसरी गफलत खास आपल्या भागातली. बार्शीची कितीतरी मुलं अकरावी-बारावीला लातूरला असतात. होम युनिव्हर्सिटी, म्हणजे प्रवेशासाठी तुमचं धरलं जाणारं विद्यापीठ, राहत्या घरावरून ठरत नाही, बारावी कुठून झाली त्यावरून ठरते. बारावी बार्शीत झाली तर सोलापूर विद्यापीठ, लातूरला झाली तर नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ. कटऑफच्या यादीत जागेच्या कोडचं शेवटचं अक्षर बघा. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटीवाल्यांची जागा, ओ म्हणजे बाहेरच्यांची, एस म्हणजे सगळ्या राज्याची. पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेजचा एच कॉलम पुणे, अहिल्यानगर, नाशिकच्या मुलांचा असतो. आपल्या मुलांनी तिथे ओ बघायचा. पालक नेमका एच वाचून येतात आणि अर्धा तास त्यातच जातो. सुरुवातीचं अक्षर जी असेल तर ती सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींची.

फी माफीच्या टीएफडब्ल्यूएस जागेचा चॉइस कोड, म्हणजे यादीत टाकायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा असतो, शेवटी टी लागलेला. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर तो कोड स्वतंत्र ओळीत टाकावा लागतो. कॉलेज टाकलं म्हणजे त्यात हेही आलं, असं समजू नका.

मागच्या वर्षीचा कटऑफ म्हणजे यंदाचं वचन नव्हे. तांत्रिक शिक्षणाची देशपातळीवरची नियामक संस्था एआयसीटीईने २०२४ पासून शाखेतल्या जागांवरची वरची मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटरच्या जागा कॉलेजागणिक वाढल्या, त्यामुळे आकडे हलतात. म्हणून आम्ही अंदाजापेक्षा थोडं वरचं आणि थोडं खालचं, दोन्ही यादीत ठेवायला सांगतो.

आणि कॉलेज निवडायचं कसं? आमचं मत विचाराल तर आधी शाखा, मग कॉलेज, मग गाव. नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्था. नॅकची श्रेणी पूर्ण कॉलेजची असते, एनबीएचं मानांकन त्या-त्या शाखेचं. "आमच्याकडे एनबीए आहे" असं कॉलेज म्हणालं तर कोणत्या शाखेला आणि कधीपर्यंत, हे विचारा. एआय-डेटा सायन्ससारखी नवी शाखा असेल तर तिची एक तरी बॅच बाहेर पडली आहे का ते बघा. नसेल तर प्लेसमेंटचे आकडे दुसऱ्याच शाखेचे असतात. सर्वांत मोठं पॅकेज विचारू नका, मधल्या मुलाला किती मिळालं ते विचारा. फी शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेलीच धरा, त्यात वसतिगृह आणि मेस धरलेली नसते. आणि जमलं तर एकदा मुलाला घेऊन जाऊन या. लॅबमधल्या यंत्रांवर धूळ आहे का, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आता आमच्या पद्धतीबद्दल. "बाजूला दहा मिनिटांत फॉर्म भरून देतात, तुम्ही दोनदा का बोलावता?" असं काही जण विचारतात. पहिल्या दिवशी आम्ही फक्त मुलाशी बोलतो आणि तुमच्या पर्सेंटाइल, प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटीप्रमाणे कॉलेजांची छापील यादी देतो. ती घरी न्यायची, आई-वडिलांनी आणि मुलाने एकत्र बसून पेनने नंबर टाकायचे. मिळेल त्या क्रमाने नव्हे, हवं त्या क्रमाने. दुसऱ्या दिवशी आम्ही तोच क्रम चढवतो, प्रिंट काढतो, मुलाकडून एकेक कोड मोठ्याने वाचून घेतो आणि मगच कन्फर्म. नुसता सेव्ह केलेला फॉर्म वाटपात धरला जात नाही. मुलाशिवाय आम्ही कन्फर्म करत नाही, पालकांनी कितीही घाई केली तरी. चार वर्षं तिथे तो राहणार आहे.

फी एकच, त्यात सगळ्या फेऱ्या आल्या. पुढच्या फेरीची यादी बदलणं, बेटरमेंट घ्यायचं (पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी थांबायचं) की फ्रीझ करायचं (मिळालेली जागा पक्की करायची) हे समजावणं, सगळं त्यातच. कोणत्याही कॉलेजकडून आम्ही विद्यार्थ्यामागे एक रुपया घेत नाही. म्हणून कोणतं कॉलेज वाईट वाटतं तेही तोंडावर सांगतो.

येताना मुलाचा नोंदणीचा मोबाइल चार्ज करून आणा, ओटीपी त्यावरच येतो. लॉगिनचा पासवर्ड, सीईटीचं गुणपत्रक, बारावीची मार्कलिस्ट, प्रवर्ग असेल तर जात वैधता आणि चालू मुदतीचं नॉन-क्रीमीलेअर बरोबर ठेवा. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी या. शेवटच्या संध्याकाळी साइट सावकाश चालते आणि बाहेर रांग असते. त्या दिवशी आम्ही फक्त आधी यादी नेलेल्यांचेच फॉर्म घेतो. सकाळी ९ ते रात्री ९, फेऱ्या चालू असताना रविवारीही उघडं.