रिंगणातला अश्व आणि थरथरता हात

माऊलींच्या पालखीचं गोल रिंगण एकदा तरी फोनवर टिपायचं, असं बरेच दिवस मनात होतं. सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला ते जमलं. अश्व समोरून गेला तो जेमतेम दोन सेकंद. मागून रेटारेटी, माझे हात डोक्याच्या वर, आणि फोन सेकंदाला १२० फ्रेम, म्हणजे १२० सुटी चित्रं, टिपतोय. घरी येऊन ते फुटेज संथ केलं, तर टापेखालून उडालेली माती कणाकणानं सुटी होत खाली येताना दिसली. अश्व गेल्यावर वारकरी वाकून कपाळाला लावतात, तीच माती. पण सगळं चित्र होडीत बसून पाहिल्यासारखं डोलत होतं. नेहमीच्या वेगात हे डोलणं नव्हतंच, नुसती थरथर होती.

निरोगी माणसाचा हातही सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक कापत असतो. सेकंदाला १२० फ्रेमचं चित्रण सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर (एडिटिंगमध्ये क्लिप मांडतात ती पट्टी) चालवलं की काळ ४.८ पट ताणला जातो. सेकंदाला १० वेळा होणारा कंप मग दोनच वेळा होतो, आणि मागच्याचा एक सेकंदाचा धक्का जवळपास पाच सेकंद रेंगाळतो. फ्रेम जितकी सरकली होती तितकीच सरकते, फक्त सावकाश. थरथर गेलेली नसते, तिची लाट झालेली असते.

ही लाट काढायचं काम स्टॅबिलायझेशनचं, म्हणजे हललेलं चित्र नंतर स्थिर करण्याचं. सॉफ्टवेअर झाडाचा शेंडा, विजेचा खांब अशा ठळक खुणा एका फ्रेममध्ये हेरतं, पुढच्या फ्रेममध्ये त्या शोधतं आणि त्यावरून कॅमेरा कसकसा हलला याची रेघ आखतं. मग ती वेडीवाकडी रेघ गुळगुळीत करून प्रत्येक फ्रेम उलट्या दिशेला सरकवतं. कडा उघड्या पडतात, म्हणून चित्र थोडं मोठं करून कापावं लागतं. फडफडणारी पताका त्याला हमखास फसवते. अश्वानं अख्खी फ्रेम व्यापली, तर अश्व स्थिर आणि रिंगणच पळतंय असाही त्याचा समज होतो.

आता खरा प्रश्न क्रमाचा: आधी स्थिर करायचं की आधी संथ? फुटेज मुळात २५ फ्रेमचंच असेल आणि ते आधी चौपट संथ केलं, तर प्रत्येक फ्रेम चारदा दिसते. सॉफ्टवेअरला वाटतं, कॅमेरा क्षणभर पुतळ्यासारखा उभा होता आणि मग एकदम दचकला. ऑप्टिकल फ्लो ही नव्या फ्रेम बनवणारी पद्धत वापरली, तर मधल्या फ्रेम अंदाजानं रंगवल्या जातात. घोड्याच्या पायांमागे माणसांचे पाय आले की तिथे चित्र मेणासारखं वितळतं, आणि त्या वितळलेल्या खुणांवरून कॅमेऱ्याची रेघ आखली जाते. म्हणून आधी स्थिर करायचं, मग संथ. चित्र आधीच स्थिर असलं की ऑप्टिकल फ्लोलाही कमी अंदाज बांधावे लागतात.

प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वार्प स्टॅबिलायझर (चित्र स्थिर करणारा इफेक्ट) आणि स्पीड (वेगातला बदल) एकाच क्लिपवर लावता येत नाहीत. क्लिप स्थिर करून नेस्ट करायची, म्हणजे वेगळ्या सिक्वेन्समध्ये (स्वतंत्र टाइमलाइनमध्ये) गुंडाळायची, आणि वेग नेस्टचा कमी करायचा, हा रूढ मार्ग. त्या आतल्या सिक्वेन्सचा फ्रेमरेट मात्र १२० च ठेवा, म्हणजे एकही फ्रेम गळत नाही. मला त्याहून सोपा वाटतो तो इंटरप्रिट फुटेज हा पर्याय. तिथे क्लिपला २५ फ्रेमची मानायला सांगितलं की ती आपोआप संथ होते. एकही फ्रेम बनावट नसते, त्यामुळे वर सांगितलेला क्रमाचा घोळ उरत नाही, आणि स्टॅबिलायझर थेट लावता येतो. त्यातला स्मूदनेस, म्हणजे रेघ किती गुळगुळीत करायची ते प्रमाण, सुरुवातीला ५० टक्क्यांवर असतो. लाटा लांबलेल्या असल्यानं मी तो वाढवतो आणि कडांची जास्त कापाकापी सोसतो.

एक गोष्ट मात्र नंतर दुरुस्त होत नाही. संध्याकाळी प्रकाश कमी, म्हणून प्रत्येक फ्रेमसाठी प्रकाश आत सोडणारं शटर जवळजवळ पूर्ण १/१२० सेकंद उघडं राहतं. हात तसाच हलला, तर १/१००० सेकंदाच्या शटरपेक्षा सुमारे आठपट लांब ओघळ, म्हणजे हलण्याचा पुसट पट्टा, फ्रेममध्ये उमटतो. स्टॅबिलायझर फ्रेम जागेवर आणतो, ओघळ पुसत नाही. चित्र स्थिर असतं, पण मधूनच डोळ्यांत पाणी आल्यासारखं पुसट होतं. संथ केल्यावर ते आणखी जाणवतं.

रिंगण भर दिवसा होतं, म्हणून माझी क्लिप वाचली. दोन सेकंदांची ती दौड आता साडेनऊ सेकंद चालते. मागचं झाड जागचं हलत नाही, आणि मातीचा एकेक कण खाली येईपर्यंत नजर त्याच्यावरच राहते.