सोयुझ टी-१०-१

सोयुझ टी-१०-१ : सोव्हिएत संघाची प्रक्षेपणमंचावरच संपलेली समानव अंतराळ मोहीम. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री, कझाकस्तानातील बैकानूर तळावर, उड्डाणाला सुमारे दीड मिनिट उरले असताना अग्निबाणाच्या बुडाशी आग भडकली. आत बसलेले व्लादिमिर टिटोव आणि गेन्नादी स्ट्रेकालोव हे दोघेही वाचले. अग्निबाण अजून मंचावर उभा असताना सुटका यंत्रणेने माणसांना ओढून बाहेर काढल्याचे अंतराळप्रवासाच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण आहे.

मोहिमेचे नाव थोडे घोटाळ्यात टाकणारे आहे. यान कक्षेत पोहोचलेच नाही, म्हणून टी-१० हा क्रमांक पुढच्या यानाला दिला गेला. दोन्हींत फरक कळावा यासाठी जळालेल्या मोहिमेला टी-१०-१ किंवा टी-१०ए म्हणतात.

दोघांना जायचे होते सॅल्युत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर. तेथे व्लादिमिर ल्याखोव आणि अलेक्झांडर अलेक्झांड्रोव जूनअखेरीपासून राहत होते. स्थानकाला विजेची टंचाई जाणवत होती आणि जादा सौरपट्ट्या बाहेरून जोडायच्या होत्या. टिटोव आणि स्ट्रेकालोव यांनी त्यासाठी सराव केला होता. याच दोघांचा आधीचा प्रयत्नही फसला होता, हे येथे लक्षात ठेवावे लागते. एप्रिल १९८३ मध्ये अलेक्झांडर सेरेब्रोव यांच्यासह ते सोयुझ टी-८ मधून निघाले. स्थानक गाठण्यासाठी लागणारा रडारचा अँटेना निकामी झाला, टिटोव यांनी हाताने यान जोडण्याचा प्रयत्न केला, आणि अखेर दोन दिवसांत ते परत आले. सप्टेंबरमधील उड्डाण ही त्यांची दुसरी संधी होती.

मंच होता १ क्रमांकाचा. १९५७ मध्ये स्पुटनिक आणि १९६१ मध्ये युरी गगारिन येथूनच निघाले होते. उड्डाणापूर्वीच्या शेवटच्या मिनिटांत इंधनपुरवठ्यातील एक झडप बंद झाली नाही, केरोसीन बाहेर सांडले आणि पेटले. यानावर संरक्षक कवच असल्यामुळे आतल्यांना बाहेरचे काहीच दिसत नव्हते. त्यांना जाणवले ते फक्त हादरे. ज्वाळा वर चढत गेल्या आणि त्यांत नियंत्रणाच्या तारा जळाल्या. सुटका यंत्रणेपर्यंत आज्ञा पोहोचवण्याचा नेहमीचा मार्ग तुटला. ती यंत्रणा स्वतः पेटवण्याची सोय अंतराळवीरांकडे नव्हती.

उरला होता रेडिओ संदेश. तो चुकून जाऊ नये म्हणून व्यवस्था मुद्दाम कठीण ठेवलेली होती : वेगवेगळ्या खोल्यांतील दोन अधिकाऱ्यांनी आपापली कळ पाच सेकंदांच्या आत दाबली, तरच आज्ञा सुटणार. अलेक्सेई शुमिलीन आणि अलेक्झांडर सोल्दातेन्कोव या दोघांनी आग ओळखून ते केले. आगीची खात्री पटण्यात आणि कळा दाबण्यात मौल्यवान सेकंद गेले, तरीही वेळ हातची गेली नव्हती. यानाच्या टोकावरील मनोऱ्यातील घन इंधनाची इंजिने पेटली, यानाचा वरचा भाग कवचासकट उखडून वर गेला, आणि काही सेकंदांतच खालचा अग्निबाण मंचावर कोसळून फुटला.

इंजिने सुमारे पाच सेकंद जळाली. तेवढ्या वेळात दोघांनी गुरुत्वाच्या १४ ते १७ पट भार सोसला. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाला आपण हजार किलोंचे झालो असे वाटावे, इतका तो दाब. कवचाच्या बाजूंना असलेले जाळीदार पंख उघडून त्याला स्थिर ठेवत होते. मग परतीची कुपी कवचातून खाली निसटली, हवाई छत्री उघडली, आणि कुपी मंचापासून सुमारे चार किलोमीटरवर उतरली. सारे मिळून पाच मिनिटांच्या आसपासचा प्रवास. अंगावर मुका मार होता, पण उपचारांची गरज पडली नाही. सुटका झाल्याबरोबर आपण आधी आवाज टिपणारे यंत्र बंद केले, कारण तोंडून शिव्या निघत होत्या, असे टिटोव यांनी पुढे सांगितले. मंच मात्र कितीतरी तास जळत राहिला आणि दुरुस्ती होईपर्यंत निकामी झाला.

सोव्हिएत सरकारने त्या वेळी दुर्घटना जाहीर केली नाही. सौरपट्ट्यांचे काम नोव्हेंबरच्या आरंभी ल्याखोव आणि अलेक्झांड्रोव यांनीच स्थानकाबाहेर पडून पुरे केले.

या मोहिमेला अपयशी म्हणणे बरोबरच आहे, पण त्या रात्री नेमके काय फसले आणि काय साधले हे वेगळे करून पाहिले पाहिजे : अग्निबाण फसला, सुटका यंत्रणेने मात्र आपले काम केले. अडीच वर्षांच्या आतच, २८ जानेवारी १९८६ रोजी, चॅलेंजर अंतराळयानातील सातही जणांचा उड्डाणानंतर ७३ सेकंदांत घडलेल्या दुर्घटनेत अंत झाला. त्या यानाला असा सुटका मनोरा नव्हता. ऑक्टोबर २०१८ मध्ये सोयुझ एमएस-१० चा अग्निबाण वाटेत तुटला तेव्हा मनोरा आधीच टाकून दिलेला होता, तरी कवचावरील राखीव इंजिनांनी दोघांना वाचवले. इस्रोनेही गगनयानासाठी ५ जुलै २०१८ रोजी श्रीहरिकोट्याला मंचावरून सुटकेची, तर २१ ऑक्टोबर २०२३ रोजी उड्डाणादरम्यान सुटकेची चाचणी घेतली. दोन्ही चाचण्या मानवविरहित होत्या.

टिटोव यांनी १९८७-८८ मध्ये मूसा मानारोव यांच्यासह मीर स्थानकावर सुमारे वर्षभर मुक्काम केला. स्ट्रेकालोव यांची पुढची फेरी भारतीयांना जवळची आहे. राकेश शर्मा यांच्याबरोबर निकोलाई रुकाविश्निकोव जाणार होते, ते आजारी पडल्याने स्ट्रेकालोव यांना घेतले गेले. जळालेल्या मंचाच्या घटनेला सहा महिने होतात न होतात तोच, ३ एप्रिल १९८४ रोजी, युरी मालिशेव, शर्मा आणि स्ट्रेकालोव सोयुझ टी-११ मधून सॅल्युत-७ कडे निघाले. भारत सरकारने तिघांनाही अशोक चक्र दिले. ११ एप्रिलला ते परतले, ते मात्र स्थानकाला आधीच जोडलेल्या दुसऱ्या यानातून. त्या यानाचे नाव सोयुझ टी-१०.