चष्म्याचा नंबर काढायला येताय? आधी मोबाइल बाजूला ठेवा

संध्याकाळी सात-आठला दुकानात येणारी बरीच मंडळी दिवसभर लॅपटॉपसमोर बसून थेट आलेली असतात. बाकावर थांबायचं म्हटलं तरी मान मोबाइलमध्येच. मग तपासणीच्या खुर्चीत लाल-हिरव्या पट्टीवरची कुठली अक्षरं ठळक दिसतात असं विचारलं, की आधी हिरवी, काच बदलली तरी हिरवी, आणि पुन्हा विचारलं तर "दोन्ही सारखीच वाटतात हो".

अशा वेळी निघालेल्या नंबरावर आमचा भरवसा नाही. जवळचं बघताना डोळ्यातला एक बारीक स्नायू आवळलेला असतो. तासन्‌तास तसाच राहिला की तो लगेच सैल पडत नाही, आणि मायनस नंबर असतो त्याहून जास्त निघू शकतो. तरुणांत आणि मुलांत हे जास्त. त्या नंबराची काच बसते आणि चार दिवसांत चष्मा परत येतो: "डोकं दुखतं, तुमचा नंबर चुकला." फ्रेमच्या मापाने कापलेली काच दुसऱ्या कुणाच्या कामाची नसते. तुमचा आठवडा जातो, आमची काच जाते.

म्हणून नंबर काढायचा असेल तर सकाळी या. पोहे-जिलेबी आटोपून या, पण खाताना रील्स नकोत. संध्याकाळशिवाय जमतच नसेल तर आम्ही अर्धा तास मोबाइलविना बसवतो. पाच मिनिटांत नंबर काढून देणारी दुकानं इंदूरात आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. मुलांचा पहिला नंबर तर आम्ही काढतच नाही, नेत्रतज्ज्ञांकडे पाठवतो. तिथे थेंब घालून स्नायू सैल करतात, मगच खरा नंबर कळतो.

दुसरा रोजचा प्रश्न: "ब्लू-कट लावला की झोप येईल ना?" ब्लू-कट म्हणजे स्क्रीनचा निळा उजेड अडवणारी काच. आम्ही ती विकतो, तरी सांगतो, त्या भरवशावर घेऊ नका. वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 2023 मध्ये अशा काचांच्या 17 चाचण्या एकत्र तपासल्या. डोळ्यांचा थकवा साध्या काचेपेक्षा कमी होतो असं दिसलं नाही, आणि झोपेबद्दल ठोस काही हाती लागलं नाही. रात्रीच्या उजेडाने मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक उशिरा वाढतं हे खरं, पण "अजून एकच व्हिडिओ" म्हणत बारा वाजवणाऱ्याला काच काय करणार? सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जागलात तर निदान तळलेले गराडू तरी मिळतात! झोपण्याआधी तासभर फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, त्याला खर्च नाही.

डोळे चुरचुरतात ते बहुधा पापण्या कमी मिटल्याने. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा मिटणाऱ्या पापण्या स्क्रीनसमोर निम्म्याहून कमी मिटतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे बघा आणि पंखा तोंडावर घेऊ नका. ट्यूबलाइटची चकाकी काचेवर येत असेल तर मात्र अँटी-ग्लेअरचे पैसे वसूल होतात. दोन्ही काचा दुकानात लावून बघता येतील.

येताना जुना चष्मा आणि मागची चिठ्ठी आणा. स्क्रू आवळणं आणि नाकावरच्या पॅडची फिटिंग मोफत, चष्मा कुठूनही घेतलेला असो.