घामोळे (सोलापूर परिसराच्या विशेष संदर्भात)

घामोळे : घाम त्वचेबाहेर आणणाऱ्या सूक्ष्म नलिका तुंबल्याने उठणारे बारीक पुरळ. बोलीत ‘घामोळ्या’ असे अनेकवचनच जास्त चालते. हे पुरळ कोणत्याही वयात येते, पण तान्ह्या मुलांत ते सर्वांत अधिक आढळते. मान, काख, पाठ, जांघ, कपाळाची कड आणि लंगोट बांधण्याची जागा ही त्याची नेहमीची ठिकाणे.

‘घाम’ हा शब्द संस्कृत ‘घर्म’वरून प्राकृत ‘घम्म’मार्गे आला. मूळ शब्दाचा अर्थ उष्णता असा आहे. मराठीत तो स्वेदावर स्थिरावला. सोलापूर शहर मराठी, तेलुगू आणि कन्नड या तीन भाषांत नांदते, आणि इथल्या घरांत याच पुरळाला तेलुगूत ‘चेमटकायलु’, तर कन्नडमध्ये ‘बेवरुसाले’ म्हणतात. चेमट आणि बेवरु म्हणजे घामच. तिन्ही नावांनी उन्हाऐवजी घामावर बोट ठेवले आहे, आणि तेच वैद्यकाच्या दृष्टीने बरोबर आहे.

आयुर्वेदातील सर्वांत जवळचे वर्णन प्राचीन वैद्य वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथात, उत्तरस्थान या शेवटच्या भागातील क्षुद्ररोगांच्या (किरकोळ विकारांच्या) प्रकरणात ‘राजिका’ या नावाने येते. वाग्भटाचा काळ साधारणपणे इ. स. सहावे ते सातवे शतक मानला जातो, मात्र त्याबाबत एकमत नाही. उष्णता व घाम यांनी व्यापलेल्या अंगावर मोहरीच्या रंगाच्या, आकाराच्या व मापाच्या पुटकुळ्या येतात, असे तेथे म्हटले आहे. राजिका म्हणजेच घामोळे, हे समीकरण सहसा स्वीकारले जाते. पण त्याच वर्णनात पुटकुळ्या ‘सरुज’ (वेदनायुक्त) आणि ‘घन’ म्हटल्या आहेत, तर साध्या घामोळ्यात ठणका नसून खाज व टोचणी असते. त्यामुळे राजिकेत पू धरलेले घामोळे आणि उन्हाळी फोडही धरले असावेत, हे मत अधिक पटण्यासारखे आहे. कारणाचे वर्णन मात्र अचूक आहे.

माणसाच्या त्वचेत घामाच्या सुमारे २० ते ४० लाख ग्रंथी असतात. त्या जन्मापूर्वीच तयार होतात आणि पुढे त्यांची संख्या वाढत नाही, म्हणून बाळाच्या इवल्याशा त्वचेत त्या फार दाटीने असतात. नलिका कितपत खोल तुंबली यावरून प्रकार ठरतात. अगदी वरच्या शृंगी (मृत, कडक पेशींच्या) थरात तुंबल्यास दवबिंदूंसारखे स्वच्छ, लाली नसलेले फोड दिसतात. बाळाची हनुवटी हळूच उचलून खिडकीच्या उजेडात मानेची घडी पाहिली, तर ते चमकतात आणि कापसाच्या बोळ्याने फुटतात. बाह्यत्वचेच्या मधल्या थरांत तुंबल्यास लाल, खाजरे पुरळ येते. सर्वसाधारण घामोळे ते हेच. याहून खोल असलेला प्रकार मुलांत क्वचित दिसतो.

नलिका कशाने तुंबते, यावर बराच वाद झाला. शेली आणि होर्वाथ या संशोधकांनी १९५० मध्ये माणसाच्या त्वचेवर मुद्दाम घामोळे निर्माण करून दाखवले. तेव्हापासून भिजून फुगलेल्या शृंगी पेशींचे बूच नलिकेच्या तोंडाशी बसते, ही उपपत्ती रूढ राहिली. होल्त्स्ले आणि क्लिगमन यांनी १९७८ मध्ये त्वचेवर कायम राहणाऱ्या जिवाणूंकडे लक्ष वेधले : झाकलेल्या त्वचेवर जिवाणू जितके वाढले तितके घामोळे अधिक, आणि जंतुरोधक लावल्यास ते टळले. १९९५ मध्ये मोवाड व सहकाऱ्यांना स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस या जिवाणूने स्रवलेला चिकट शर्करायुक्त पदार्थच नलिका अडवताना दिसला. दोन्ही मते एकमेकांना छेद देतातच असे नाही. आज कल जिवाणूंच्या बाजूने आहे. दोन्हींत पूर्वअट मात्र एकच : त्वचा बराच वेळ झाकलेली आणि भिजलेली असणे.

सोलापूरच्या बाबतीत ही अट महत्त्वाची आहे. घामोळे हे दमट हवेचे दुखणे, तर सोलापूरचा उन्हाळा कोरडा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, पण मोकळ्या अंगावरचा घाम लगेच वाळतो. तरीही इथली बाळे घामोळ्यांनी बेजार होतात. याचे कारण बाहेरच्या उन्हापेक्षा बाळाभोवती तयार केलेल्या ओलाव्यात शोधावे लागते. माळवदाच्या जाड भिंतींची घरे जाऊन पत्र्याची आणि स्लॅबची घरे आली. बंद खोलीत पाण्याचा कूलर लावला आणि खिडकी उघडी ठेवली नाही, की तासाभरात हवा दमट होते. शहराच्या पूर्व भागात अनेक घरांतच माग आहेत. दमट हवेत सूत कमी तुटते, पण त्याच हवेत मूल निजते. त्यात बाळंतिणीची बंद खोली, धुरी, जाड तेलाची मालिश, टोपरे आणि घट्ट गुंडाळलेले दुपटे यांची भर पडते. हे सगळे मायेपोटी होते. भर उन्हाळ्यात मात्र त्यातले बरेचसे कमी करणे बाळाच्या हिताचे.

आंबा खाल्ल्याने ‘अंगातली उष्णता बाहेर पडते’ हा समज सर्वत्र आहे. घामोळ्याच्या यंत्रणेशी त्याचा संबंध नाही. उपाय म्हणजे मोकळे सुती झबले, वारा आणि साध्या पाण्याची अंघोळ. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या भागांत ओल्या मऊ कापडाने घड्या टिपून कोरड्या केल्या तरी भागते. टॉवेलने घासू नये. खाजेवर कॅलामाइन लोशन चालते. पावडरीचे थर घामाने भिजून घड्यांत साचतात आणि पूड श्वासात जाते. बोरिक ॲसिड, कापूर वा मेंथॉल असलेली पावडर तान्ह्या मुलाला लावूच नये. तीव्र स्टिरॉइडची मिश्र मलमेही दुकानातून परस्पर आणू नयेत.

पुटकुळीच्या मध्यातून केस उगवलेला दिसल्यास ते घामोळे नसून केसांच्या मुळांचा दाह असण्याची शक्यता जास्त. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, रात्री वाढणारी खाज आणि घरात इतरांनाही तेच, ही खरजेची लक्षणे. पुरळात पू धरणे, ठणकणारे उबाळू उठणे किंवा ताप येणे असे झाल्यास डॉक्टरांना दाखवावे. ताप, सर्दी आणि लाल डोळे असल्यास गोवराची शंका घ्यावी.

शाळकरी व किशोरवयीन मुलांत घामोळे प्रामुख्याने पाठीवर, दप्तराच्या पट्ट्यांखाली आणि कृत्रिम धाग्याच्या गणवेशाखाली येते. पुरळ मावळल्यावरही बाह्यत्वचा नव्याने घडेपर्यंत, म्हणजे साधारण दोन-तीन आठवडे, त्या जागी घाम कमी येतो. पाठभर घामोळे येऊन गेलेल्या मुलाला या काळात ऊन लवकर बाधू शकते, म्हणून दुपारचे खेळ टाळून त्याला सावलीत ठेवावे व पाणी पाजत राहावे.