बाई एकच, एच-इंडेक्स तीन

बेळगावातल्या एका जैवतंत्रज्ञानाच्या प्राध्यापिकेच्या बढतीच्या फाइलला तीन प्रिंटआउट जोडलेत आणि तिन्हींवर एच-इंडेक्स, म्हणजे पेपर किती आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती केला यावरून काढलेला आकडा, वेगवेगळा आहे. छाननीत कुणीतरी लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं, आणि बाईंनी आकडा फुगवलाय अशी कुजबुज सुरू झाली. फाइल पडताळणीसाठी ग्रंथालयात आमच्याकडं आली, म्हणून हे थोडं मागं जाऊन.

विज्ञानातल्या सायटेशनच्या, म्हणजे कोणत्या पेपरनं कुणाच्या पेपरचा उल्लेख केला त्याच्या, छापील सूच्या अमेरिकेत १९६४ पासून निघू लागल्या. आपल्या कॉलेजांना त्या परवडणाऱ्या नव्हत्या, त्यामुळं तो काळ सोडून देऊ. नोव्हेंबर २००४ मध्ये पेपर आणि सायटेशन शोधायच्या दोन मोठ्या ऑनलाइन सेवा आल्या, २००५ मध्ये एका भौतिकशास्त्रज्ञानं एच-इंडेक्स सुचवला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीत पेपरांना गुण आले. मग प्रत्येकाला आपली यादी काढावी लागली, आणि घोळ तिथं उघडा पडला.

घोळ नावाचा आहे. समजा, बाईंचं नाव सुनीता (खरं नाव देत नाही). सीमाभागातल्या बऱ्याच मुलांसारखी एम.एस्सी. कोल्हापूरला झाली. तिकडच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं: पाटील सुनीता मारुती. पहिले पेपर त्याच क्रमानं पाठवले. परदेशी जर्नलच्या हिशेबी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, त्यामुळं लेखक झाले 'मारुती, पी. एस.' बाईंचं सुरुवातीचं संशोधन आजही डेटाबेसमध्ये वडिलांच्या नावावर आहे, आणि वडील आयुष्यभर भातशेती करत होते. पुढं धारवाडला पीएच.डी. करताना गाइडनी इकडच्या रिवाजाप्रमाणं 'एस. एम. पाटील' केलं. लग्नानंतरचे पेपर 'सुनीता देसाई' नावानं आहेत. एका बाईंच्या तीन बाई झाल्या.

उलटा धोकाही आहे. 'एस. पाटील' शोधलं की दुसऱ्याच कुणाचे काँक्रीटवरचे पेपर बाईंच्या खात्यात येऊन बसतात. एस.वरून नाव सुरू होणारे पाटील या पट्ट्यात किती, ते कोल्हापूर गाडीच्या आरक्षणाची यादी बघितली तरी कळेल.

गावाचंही तेच. आपण बेळगाव म्हणतो, इंग्रजी स्पेलिंग वर्षानुवर्षं वेगळंच होतं आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं. त्या दिवशी कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली. हीच तारीख मराठी माणूस इथं काळा दिवस म्हणून पाळतो, हे निर्णय घेणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? असो. पेपरांवर परिणाम एवढाच की एकाच इमारतीतल्या एकाच प्रयोगशाळेचे दोन पत्ते झाले.

गंमत म्हणजे बाईंचा विषयही नावाच्या घोळातलाच. खानापूरच्या रानात, सह्याद्रीच्या बाजूला, नरक्या नावाचं झाड आहे. फुलांना इतका घाण वास येतो की नाव सार्थ वाटावं. कॅम्प्टोथेसिन हे कॅन्सरच्या औषधांचं मूळ द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं आणि १९७२ मध्ये आपल्या नरक्यात. तेव्हा शास्त्रीय नाव होतं मॅपिया फोएटिडा, आता नोथापोडायटिस निम्मोनियाना. पण वनस्पतिशास्त्रात नव्या नावाखाली जुनी नावं नोंदवून ठेवायची पद्धत आहे, त्यामुळं झाडाचा इतिहास सुटत नाही. संशोधकांसाठी तशी सोय, म्हणजे आयुष्यभराचा एक सोळा अंकी ओळख क्रमांक, २०१२ मध्ये आली. बाईंनी तो २०१९ मध्ये काढला, तोही एका जर्नलनं अडवल्यावर.

आता आकडा. एच-इंडेक्स सात म्हणजे किमान सात-सात सायटेशन मिळालेले सात पेपर. एका प्रोफाइलवर सात आणि दुसऱ्यावर सहा असतील तर जोडल्यावर तेरा होतीलच असं नाही, पण सातच्या खाली कधी जात नाही. शिवाय दोन शोधसेवांचे आकडे मुळातच जुळत नाहीत, कारण एक प्रबंध आणि पुस्तकांतले उल्लेखही धरते, दुसरी मुख्यतः निवडक जर्नलं बघते. तीन प्रिंटआउटवर तीन आकडे यायला कुणी लबाडी करायची गरज नाही.

यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीचाही वाद आहेच. २०१७ मध्ये यादी आली, २०१८ मध्ये तिच्यातली ४,३०५ नावं एका फटक्यात उडाली, २०१९ मध्ये नवी यादी आली आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. बाईंचे दोन पेपर या उलथापालथीत अडकलेत. छापले तेव्हा जर्नल यादीत होतं, अर्ज केला तेव्हा नव्हतं. आम्ही शेऱ्यात प्रकाशनाची तारीख धरली आहे. तिन्ही नावं एका प्रोफाइलखाली जोडण्याची विनंती गेल्या महिन्यात पाठवली. दोन जोडली गेली. मारुती पी. एस. यांच्यासाठी त्यांनी ओळखीचा पुरावा मागितलाय, आणि बाई जुनी मार्कशीट शोधायला गावी गेल्यात.